नाव तिसऱ्या सिलिंडरचं

स्कॅनरच्या पडद्यावर पी ०३०३ असं उमटलं की गाडीचा मालक लगेच विचारतो, "म्हणजे तिसरा सिलिंडर गेला का?" होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की त्याचं उत्तर एकदा नीट, सावकाश, कागदावर मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. प्रश्न गाडीचा आहे, पण तेवढाच नाही. दुखणं जिथे दिसतं तिथेच दोष असतो का, आणि किती पुरावा हाती आल्यावर आपण कुणाचं नाव घ्यावं, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न. आमच्या धंद्यात त्याचं उत्तर चुकलं तर गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसते. माणसांच्या बाबतीत चुकलं तर काय होतं, त्याकडे पुढे येतोच.

आधी यंत्राला काय दिसतं ते बघू. सिलिंडरच्या आत डोकावणारं तिथे काहीही नसतं. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत साठ दात्यांची जागा आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे अठ्ठावन्न दाते. समोर बसवलेला सेन्सर एकेक दाता सरकताना टिपतो आणि गाळलेल्या जागेवरून चाक कुठवर फिरलं ते ओळखतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरची पाळी येते. त्यातलं मिश्रण पेटलं की शाफ्टला ढकल बसते आणि तेवढ्या टप्प्यातले दाते किंचित लवकर सरकतात. पेटलं नाही तर ते रेंगाळतात. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा हा फरक कॉम्प्युटर टिपतो, पाळी कुणाची होती ते बघतो आणि नोंद करतो. "तिसऱ्याच्या पाळीला शाफ्ट रेंगाळला." पी ०३०३ म्हणजे इतकंच.

का रेंगाळला, ते त्यात नाही. ठिणगी पडली नसेल, पेट्रोल पोचलं नसेल, हवेचं प्रमाण बिघडलं असेल, सिलिंडरने दाब धरला नसेल. फारच खराब रस्त्यावर चाकांकडून उलटा आलेला धक्काही शाफ्टला असाच हलवतो. म्हणून काही गाड्यांत खराब रस्ता ओळखायची वेगळी सोय करावी लागली.

ही व्यवस्था आपल्याकडे तशी उशिरा आली. १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज चारचे नियम आधी तेरा शहरांत लागू झाले, आणि मुंबई-पुण्याच्या जोडीला त्यात आमचं सोलापूर होतं. गाडीने आपल्या बिघाडाची नोंद आपणच ठेवायची, ही सक्ती त्याच नियमांबरोबर आली आणि २०१३ पासून ती आणखी कडक झाली. त्याआधी गाडी मिसिंग मारायला लागली की आमचे उस्ताद चालू इंजिनात एकेका प्लगची केबल उपसून बघायचे. जी उपसल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बंद. स्कॅनर आज जे सांगतो ते उस्ताद केबलवरून सांगायचे, आणि सांगून झाल्यावर कामाला लागायचे. कुठे ते कळलं, का ते आता शोधायचं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नसे. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली आणि हा दुसरा अर्धा भाग लोकांच्या मनातून गळून पडला. छापलेल्या अक्षराला आपल्याकडे फार मान आहे.

माझ्या बाकावर गॅरेज बंद व्हायच्या सुमाराला एक निवृत्त संस्कृत शिक्षक येऊन बसतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. त्यांच्या जुन्या स्कूटरपासून आमची ओळख सुरू झाली आणि ती तर्कसंग्रहावर येऊन स्थिरावली. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात नवशिक्यांसाठी लिहिलेला न्यायशास्त्राचा, म्हणजे तर्कविद्येचा, हा छोटासा ग्रंथ. गुरुजींकडे आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली मुंबईत सिद्ध केलेल्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे. शब्द अडला की ते न्यायकोश उघडतात. तो रचणारे भीमाचार्य झळकीकर आमच्याच बाजूचे. झळकी सोलापूर-विजापूर रस्त्यावर लागतं. त्या रस्त्याने मी कितीतरी बंद गाड्या टोचन करून आणल्या आहेत. न्यायशास्त्रातला एवढा मोठा कोश करणारा माणूस त्या गावचं नाव लावत होता, हे कळल्यापासून तिथून जाताना मला अभिमान वाटतो.

अनुमान शिकवताना न्यायशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या एकच उदाहरण देत आलंय. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे आग आहे. हे कशाच्या बळावर म्हणायचं? स्वयंपाकघरात धूर आणि आग एकत्र पाहिलेली असतात, आणि तळ्यात आग नाही तर धूरही नाही, हेही पाहिलेलं असतं. या पक्क्या सोबतीला व्याप्ती म्हणतात. उलट बाजूने मात्र ती लागत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. बोलताना कुणी उच्चारत नाही, पण सगळं जिच्यावर अवलंबून असतं, अशा अटीला उपाधी म्हणतात.

गुरुजी हे समजावत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सायलेन्सर होता. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत शिरतंय. पण डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून जे पांढरं निघतं तो बहुतेकदा धूरच नसतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ तेवढंच. थंड नळीत त्याची वाफ दिसते, नळी तापली की दिसेनाशी होते. वाफेला किंवा धुळीला धूर समजून आगीचं अनुमान करणारा माणूस न्यायाच्या जुन्या चर्चांमध्ये वारंवार भेटतो. माझ्याकडे तो हेड गॅस्केट गेलं म्हणत येतो, आणि कधी कधी त्याआधीच कुणीतरी त्याच्या गाडीचं हेड उतरवून पाहिलेलं असतं.

आता ज्या गाडीवरून हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो. २०१३ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मागाहून सीएनजी किट बसवलेली, सेकंडहँड घेतलेली. मालकीण एका दवाखान्यात परिचारिका आहेत. सिग्नलला थांबली की गाडी थरथरायची, रेस दिली की गुळगुळीत चालायची. पी ०३०३ आला म्हणून आधीच्या ठिकाणी तिसऱ्याची कॉइल बदलली. नंतर चारही प्लग. मग तिसऱ्याचा इंजेक्टर. पुढे पी ०१७१ उमटला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी; म्हणून ऑक्सिजन सेन्सर नवा घातला. शेवटी पी ०४२० आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. तो बदलायचा खर्च ऐकल्यावर ताई माझ्याकडे आल्या. मधल्या काळात चेक लाइट नुसती पेटत नव्हती, लुकलुकत होती, आणि सेन्सरचं काहीतरी असतं, लक्ष देऊ नका, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. लुकलुकणारा दिवा फार गंभीर गोष्ट सांगतो: मिसफायर इतका वाढलाय की कन्व्हर्टर जळू शकतो.

यांतला एकही कोड खोटा नव्हता. मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात इथून होते.

ऑक्सिजन सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. पेट्रोल त्याला दिसत नाही. तिसऱ्यात मिश्रण पेटलं नाही की त्यातली न वापरलेली हवा आणि न जळलेलं इंधन दोन्ही एकत्र सायलेन्सरच्या वाटेला लागतात. सेन्सर त्यातला ऑक्सिजन तेवढा मोजतो आणि कळवतो, ऑक्सिजन फार आहे. कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे नळीत आधीच न जळलेलं पेट्रोल चाललंय आणि त्यात भर पडते. साक्षीदाराने पाहिलं तेच सांगितलं. त्याने जे पाहिलंच नाही त्याचीही साक्ष ऐकणाऱ्याने त्याच्या तोंडी घातली.

हे वाढीव पेट्रोल जातं कुठे? कन्व्हर्टरमध्ये. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. इंजिनात जळायचं ते इथे येऊन जळतं, जाळी बेसुमार तापते, थर निकामी होतो, अखेर जाळी वितळते. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. आधीच्याचा व्होल्टेज शून्याच्या जवळून एकच्या जवळपर्यंत सतत वरखाली होत असतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे नंतरच्याचा शांत असतो. नंतरचाही वरखाली व्हायला लागला की पी ०४२० उमटतो. बाकीच्यांची सगळी आच ज्याने महिनोन्‌महिने सोसली, त्याच्याच नावाने शेवटचा ठपका. आणि बदलायला सगळ्यात महाग तोच.

ताईंना बसायला सांगितलं आणि काम सुरू केलं. गाडी आधी गॅसवर चालवली, मग पेट्रोलवर. दोन्हीवर मिसिंग तसंच. गॅसवर पेट्रोलचे इंजेक्टर कामच करत नाहीत, गॅसचे वेगळे असतात. म्हणजे पेट्रोलचा इंजेक्टर पाच मिनिटांत निर्दोष ठरला; पाना हातात धरावा लागला नाही. मग तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. दोष कॉइलचा असता तर कोड तिच्याबरोबर दुसऱ्यावर गेला असता. तो तिसऱ्यावरच राहिला. प्लगचंही तेच. ती वस्तू असेल तिथे दोष, नसेल तिथे दोष नाही: गुरुजी याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कुठल्याही चांगल्या मिस्त्रीच्या हाताला हे ग्रंथ न वाचता येतं, आणि ग्रंथ वाचल्यावर मला माझ्याच हाताविषयी जास्त आदर वाटू लागला.

आता दाब. गरम इंजिनात चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, तिसरा ११० च्याही खाली. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चढला असता. चढला नाही. मग तिसऱ्याचा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशा जागी धरला आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. हवा कुठून निसटते ते कानाने ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आवाज सायलेन्सरच्या टोकाशी येत होता. पोराला बोलावून मी त्यालाही तिथे कान लावायला सांगितला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता.

टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामधली बारीक फट, थंड इंजिनात मोजतात, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. कव्हर काढलं, फिलर गेजच्या पाती घातल्या. तिसऱ्याच्या दोनपैकी एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात पातळ पातही सरकेना. अंतर उरलंच नव्हतं. कोरड्या गॅसवर चालून चालून व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो आणि त्याचा दांडा कॅमच्या दिशेने वर सरकतो. एक वेळ अशी येते की कॅम त्याला पूर्ण मिटूच देत नाही. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा त्या फटीतून दाब निसटायला भरपूर वेळ मिळतो. वेगात तेवढा मिळत नाही. म्हणून सिग्नलला थरथर आणि रस्त्यावर गुळगुळीत.

बाकीच्या तीन सिलिंडरचीही एक्झॉस्टची अंतरं हवी त्यापेक्षा कमीच भरली. झीज सगळ्यांची चालू होती, तिसऱ्याचं अंतर सर्वांआधी संपलं. ज्याचं नाव पडद्यावर आलं त्याचा गुन्हा काही नव्हता. सगळ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट त्याच्या वाट्याला आधी आली, एवढंच. गॅसच्या गाडीचं टॅपेट वरचेवर तपासावं लागतं, हे आधीच्या मालकाने सांगितलं नाही, किट बसवणाऱ्याने सांगितलं नाही. आणि टॅपेटचं अंतर संपलं असं सांगणारा कोडच त्या गाडीत नव्हता. खरा दोष यंत्राच्या यादीतच नसेल, तर यंत्र यादीतली दुसरी नावं घेत राहणार.

न्यायशास्त्र चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. न्यायभाष्यात वात्स्यायनाने आप्ताची ओळख सांगितली आहे ती मला फार मोठ्या मनाची वाटते: ज्याने गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. जातीकुळाची अटच नाही. या कसोटीला लावून बघितलं तर कोड हे आप्तवचन ठरत नाही. दाते मोजणाऱ्या सेन्सरने व्हॉल्व्ह जाणलेला नाही, आणि सांगण्याची इच्छा तर त्याला नाहीच. कोड म्हणजे धूर. त्याच्यावरून अनुमान करायचं असतं, आणि अनुमानाचे नियम पाळायचे असतात. धुराला आगीवाचून दुसरा जनक नाही, म्हणून धुरावरून आग ठामपणे सांगता येते. मिसफायरला जनक पुष्कळ. त्यांतला एक उचलून ठामपणे बोलणाऱ्याने व्याप्ती न तपासता निवाडा दिला.

गुरुजींनी त्या दिवशी मला मुद्दाम छेडलं. म्हणाले, "समजा, कुणी अंदाजाने पहिल्याच दिवशी टॅपेट उघडलं असतं आणि गाडी नीट झाली असती. मग तुझ्या या तपासणीचं मोल काय?" बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने असाच पेच टाकलाय, असंही त्यांनी सांगितलं: मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत ते एकाने सहज बोलून टाकलं आणि आकडा बरोबर निघाला. त्याला ज्ञान म्हणायचं का? मी म्हणालो, गाडीपुरतं भागेल, पण त्या माणसाला पुढच्या गाडीत काहीच येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला येतं असं त्याला वाटत राहील. कॉइल बदलून, कोड पुसून गाडी दिली की दिवा काही काळ पेटत नाही, कारण बऱ्याच बिघाडांत तो एका फेरीत पेटत नाही, दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच दिसावं लागतं. तेवढ्या काळात कॉइलच दोषी होती असा समज घट्ट होतो. तर्कसंग्रहाच्या परंपरेत कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण आहे. माती वाहून आणणारं गाढव घटाच्या आधी तिथे होतं, म्हणून ते घटाचं कारण होत नाही. आमच्या धंद्यात अशा गाढवांच्या नावावर फार पैसा वसूल होतो, आणि तो देणारा माणूस बहुधा पोटाला चिमटा काढून देत असतो. मला याचा राग येतो. तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

इंजिन थंड होईपर्यंत ताई बाकावर होत्या, गुरुजीही होते. मी त्यांना फिरणारा कोड आणि न फिरणारा कोड समजावत होतो. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "दादा, माणसाच्या बाबतीत असं तपासायला कुणी थांबत नाही." मग सांगू लागल्या. त्यांच्या मुलीच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर पांढरे डाग आले आहेत. शाळेत मुली डबा वाटून घेत नाहीत. घरातलीच एक मोठी बाई म्हणते, मागल्या जन्मीचं काहीतरी असणार, उगाच का होतं? मुलगी ते ऐकते. "मी परिचारिका आहे. हे लागट नाही, महारोग नाही, मला माहीत आहे. पण हिलाच का, असं विचारलं की मला उत्तर देता येत नाही, आणि मग त्यांचंच खरं ठरतं."

आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटतात, इतकं वैद्यकाने शोधलं आहे. पण घरातल्या त्या मोठ्या बाईंना ते पुरलं नसतं. त्यांचा प्रश्न 'कसं' हा नव्हता. त्यांना कुणाच्या तरी नावावर दोष टाकायचा होता.

गुरुजी त्या वेळी काही बोलले नाहीत. रोज संध्या करणारा, कर्मावर श्रद्धा असलेला माणूस. पुढच्या वेळी आले तेव्हा मनुस्मृती घेऊन आले आणि अकरावा अध्याय उघडून त्यांनीच मला दाखवलं: कुठल्या पापाने कुठला रोग, त्याची यादी. त्यात पांढऱ्या डागांचं कारण वस्त्रांची चोरी. चादरी आणि टॉवेल विणून जगलेल्या या शहरात मी ते वाचलं आणि गप्प झालो. ही तर कोडांचीच यादी होती, उलट्या बाजूने वाचायला ठेवलेली.

"मला हे शास्त्र टाकता येत नाही," गुरुजी म्हणाले, "पण त्या बाईचं बोलणंही पटत नाही. म्हणून तुझ्याकडे आणलं." मग त्यांनी स्वतःच विचार मांडला. ग्रंथ म्हणतो, चोराला डाग होतील. डाग असेल तो चोर, असं तो म्हणत नाही. डागाला चोरीवाचून दुसरा जनकच नाही, असं कुठे सिद्ध झालंय? ते सिद्ध होईपर्यंत डागावरून पापाकडे जाणारी वाट बंद. ग्रंथ पुरता प्रमाण मानला तरी त्या मुलीवर बोट ठेवायचा अधिकार कुणाला मिळत नाही. शिवाय आपल्याकडचे जुने शास्त्रकार सांगत आलेत की दिसणारं कारण पुरत असताना न दिसणाऱ्याची कल्पना करू नये.

एका श्रद्धाळू माणसाने आपल्या श्रद्धेच्या आत राहून हे केलं, याचं मला फार मोल वाटतं. तरी मी तिथे थांबू शकलो नाही. मला ती यादीच मान्य नाही. व्याप्ती कळायला धूर आणि आग कुठेतरी एकत्र पाहिलेली असावी लागतात. म्हणून तर शास्त्राला स्वयंपाकघराचं उदाहरण द्यावं लागतं. मागल्या जन्माची चोरी आणि या जन्मीचा डाग एकत्र दिसतात असं स्वयंपाकघर कुणी पाहिलंय? गुरुजी म्हणतात, म्हणूनच तिथे अनुमान चालत नाही, शब्द चालतो. मी विचारतो, मग तो शब्द बोलणाऱ्याने तरी ते साक्षात जाणलं होतं का? वात्स्यायनाची कसोटी मला सेन्सरला लावता येते तर स्मृतिकाराला का लावू नये?

यावर ते उदयनाकडे जातात. दहाव्या शतकातल्या त्या आचार्याने न्यायकुसुमांजलीत मांडलंय की जगात एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं असा जो फरक दिसतो, त्याच्यामागे जीवांचं अदृष्ट, म्हणजे त्यांच्या कर्मांची न दिसणारी शिल्लक, मानावंच लागतं. हा युक्तिवाद हलका नाही, आणि त्याच्यावर माझ्याकडे शेवटचं उत्तर नाही. पण 'तिसराच का' याचं उत्तर त्या गाडीत होतं आणि ते फिलर गेजने मोजता आलं. मोजण्याआधी तेही अदृष्टच होतं. मोजमाप जिथवर पोचतं तिथवर अदृष्टाला मधे आणू नये, एवढं गुरुजींनाही मान्य आहे. वाद त्यापुढच्या जागेचा आहे.

गाडीचं सांगायचं तर हेड उतरवलं, लेथवाल्याकडून सीटचं काम करून घेतलं, टॅपेट नव्या मापाचे घातले. मिसिंग गेलं. कन्व्हर्टरला मात्र मार बसलाच होता. नंतरच्या सेन्सरची रेघ पूर्वीइतकी नाचत नाही, पण शांतही झालेली नाही. ताईंना स्पष्ट सांगितलं की तो पुढेमागे बदलावा लागेल. बिलावर मी नेहमी तक्रार, सापडलेलं कारण आणि तपासून निर्दोष आढळलेले भाग असे रकाने करतो. निर्दोषांत कॉइल, प्लग, इंजेक्टर आणि जुना ऑक्सिजन सेन्सर लिहिला. जुना सेन्सर त्यांनी डिकीत जपून ठेवला होता. तो बसवून त्याची रेघ पाहूनच मी तसं लिहिलं. कन्व्हर्टर त्या रकान्यात बसेना, कारण तो बिघडलेला होता, आणि कारणाच्या रकान्यातही बसेना. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहिली: नुकसान झालेला भाग. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि बिलाची प्रत मागून घेतली.

कारणाचा रकाना कोरा ठेवून 'अजून कळलेलं नाही' असं लिहिलेली बिलंही माझ्या पुस्तकात आहेत. गुरुजी म्हणतात, त्या कोऱ्या जागेलाच आमच्याकडे अदृष्ट म्हणतात. मी म्हणतो, म्हणा. पण ती जागा कोरी आहे तोवर तिथे त्या मुलीचं नाव लिहायचा हक्क कुणालाच नाही, तुमच्या शास्त्रालाही नाही. हे शेवटचे शब्द त्यांना अजून पूर्ण मान्य नाहीत. सध्या आम्ही हेत्वाभासाचं, म्हणजे फसव्या हेतूंचं, प्रकरण वाचतोय, आणि ते संपेपर्यंत वाद पुढे ढकलायचा असं ठरलंय.